अ‍ॅक्टिनचा रेटा: पेशी पुढे सरकते ती कशी?

काटोलच्या बागेत संत्र्याची फांदी छाटताना तळहातात काटा घुसला, तर तास-दोन तासांत ती जागा लाल होऊन ठणकू लागते. तोवर आत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून काट्याकडे निघालेल्या असतात. वेग मिनिटाला साधारण १० मायक्रॉन, म्हणजे मिनिटभरात जवळपास स्वतःच्या व्यासाएवढे अंतर. शाळेत अमीबाचा छद्मपाद शिकलेला कोणीही सांगेल, की पेशी एक भाग पुढे काढते आणि मागचा ओढून घेते. बरोबर आहे, पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे. तो भाग पुढे काढतो कोण? पेशीपटलाला आतून रेटा देणारे नेमके काय आहे?

अ‍ॅक्टिन नावाचे प्रथिन. ते कुठलीही मोटर चालवत नाही. सुटे रेणू एकमेकांना जोडून तंतू लांबत जातो आणि त्या लांबण्यातूनच रेटा मिळतो. मायोसिन ही खरोखरची मोटर पेशीत असते, पण तिचे काम ओढण्याचे आणि तेही मुख्यतः मागच्या बाजूला. पुढच्या कडेचे काम निव्वळ जोडणीवर चालते.

इथे बहुतेक वर्णने एक गोष्ट उलटी सांगतात. पेशी अ‍ॅक्टिनचे तंतू ‘बनवते’ असे लिहिले, की वाटते तंतू बनवायला फार खटपट पडत असेल. वस्तुस्थिती अशी, की पेशीत अ‍ॅक्टिन इतके असते की त्याला मोकळे सोडले तर ते आपोआप, सगळीकडे आणि एकदम तंतू होऊन बसेल. पेशीची सगळी कसरत ते होऊ न देण्याची आहे. बहुतेक ठिकाणी अडवायचे, एकाच कडेला सोडायचे आणि तिथेही लगेच थांबवायचे.

मालाचा हिशेब

सुट्या अ‍ॅक्टिन रेणूत ३७५ अमिनो आम्ले असतात, वजन ४२ किलोडाल्टन. हंगेरीत सेगेडच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी १९४२ मध्ये स्नायूतून ते वेगळे केले. हे रेणू जुळले की सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा, दोन सरींचा, पीळ असलेला तंतू होतो. प्रत्येक नवा रेणू तंतूची लांबी २.७ नॅनोमीटरने वाढवतो, म्हणजे एक मायक्रॉन तंतूला साधारण ३७० रेणू लागतात.

तंतूची दोन टोके सारखी नसतात. पुस्तकांत त्यांना बार्ब्ड आणि पॉइंटेड म्हणतात. आपण जलद टोक आणि मंद टोक म्हणू. जलद टोकाला एक मायक्रोमोलर संहतीला (मायक्रोमोलर हे लिटरभर द्रावणात किती रेणू आहेत याचे माप) सेकंदाला सुमारे ११.६ रेणू येऊन बसतात आणि १.४ सुटतात. मंद टोकाला येणारे सुमारे १.३ आणि सुटणारे ०.८. भागाकार केला की कळते, जलद टोक वाढायला सुटे अ‍ॅक्टिन जेमतेम ०.१ मायक्रोमोलर असले तरी पुरते, मंद टोकाला ०.६ लागते.

आता पेशीतला साठा बघा. चालणाऱ्या पेशींत एकूण अ‍ॅक्टिन १०० मायक्रोमोलरच्या वर असते आणि त्यातले निम्म्याच्या आसपास तंतूबाहेर असते. ०.१ पुरत असताना ५० शिल्लक! परीक्षानळीत शुद्ध अ‍ॅक्टिन, योग्य क्षार आणि एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) एवढेच घेतले तर असा साठा फार वेळ सुटा राहणार नाही.

पेशीत तो राहतो, त्याला तीन कारणे आहेत. पहिले फुकटचे. दोन रेणू जुळले तरी ती जोडी क्षणात सुटते, तिघांची जुळणीही डळमळीत असते. चौथा बसल्यावर कुठे बूड टेकते. म्हणजे नवा तंतू सुरू होणे मुळातच अवघड आहे. सुरू झालेला लांबणे सोपे आहे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

दुसरे कारण प्रोफिलिन. हे छोटे प्रथिन सुट्या अ‍ॅक्टिनला अशा बाजूने धरते, की तो रेणू नवा तंतू सुरू करू शकत नाही, मंद टोकालाही बसत नाही, पण जलद टोकाला मात्र बिनदिक्कत बसतो. बसल्यावर प्रोफिलिन सुटून दुसऱ्या रेणूकडे जाते. तिसरे थायमोसिन बीटा-४. त्याने धरलेला रेणू कुठल्याच टोकाला बसत नाही, तो निव्वळ राखीव माल. रक्तातल्या बिंबिका म्हणजे प्लेटलेटमध्ये थायमोसिन शेकडो मायक्रोमोलर असते. जखम झाली की क्षणात आकार बदलावा लागतो, म्हणून एवढी राखीव फौज.

थोडक्यात, पेशीत जलद टोक उघडे दिसले की माल तयारच आहे. प्रश्न एवढाच उरतो: उघडी जलद टोके कुठे ठेवायची, किती आणि किती वेळ.

फांदी कशी फुटते

नवे टोक उघडायचे काम आर्प २/३ हे सात प्रथिनांचे संकुल करते. अकँथामीबा या मातीतल्या अमीबात ते १९९४ मध्ये सापडले. सातपैकी दोन, आर्प २ आणि आर्प ३, यांचा आकार अ‍ॅक्टिनच्या रेणूशी बराच जुळतो. संकुल एखाद्या जुन्या तंतूच्या कुशीला बसते, हे दोघे शेजारी-शेजारी येतात आणि नव्या तंतूचे पहिले दोन रेणू असल्यासारखे वागतात. डळमळीत जोडीची अडचण तिथेच संपते. नवा तंतू जुन्याशी सुमारे ७० अंशांचा कोन करून फुटतो, मंद टोक संकुलात अडकलेले आणि जलद टोक मोकळे.

पण आर्प २/३ एकटे जवळपास निष्क्रिय असते. त्याला चालू करणारी प्रथिने पटलाला आतून चिकटलेली असतात. वास्प आणि वेव्ह ही त्यांतली दोन घराणी. त्यांच्या शेपटीला एका बाजूला सुटे अ‍ॅक्टिन आणि दुसऱ्या बाजूला आर्प २/३ धरायची सोय असते. वास्प स्वतःही दुमडलेल्या, बंद अवस्थेत असते. पटलावरचे सीडीसी-४२ नावाचे स्विच-प्रथिन त्याला उघडते. वेव्हला रॅक नावाचे तसेच स्विच-प्रथिन उघडते. हे रॅक तरी कुठे चालू होते? जिवाणूंच्या प्रथिनांचे तुकडे पेशीच्या ज्या बाजूच्या ग्राहकांवर (असे तुकडे पकडणाऱ्या पटलावरच्या प्रथिनांवर) जास्त बसतात, त्या बाजूला. न्यूट्रोफिलच्या दोन बाजूंमधला फरक एक-दोन टक्के असला तरी ते दिशा ओळखते.

म्हणजे फांदी फुटायला एका जागी चार गोष्टी हव्यात: जुना तंतू, आर्प २/३, उघडलेले वास्प किंवा वेव्ह, आणि सुटे अ‍ॅक्टिन. सक्रिय वास्प किंवा वेव्ह पटलालगतच असते, म्हणून फांद्याही पटलाच्या काही नॅनोमीटर आतच फुटतात. दिशा मिळते ती इथे. स्वित्किना आणि बोरिसी यांनी १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच्या कडेचे फोटो घेतले, त्यांत ही वायच्या आकाराची फांद्यांची दाटी स्पष्ट दिसते. ही कडा, लॅमेलिपोडियम, जाडीला फक्त ०.१ ते ०.२ मायक्रॉन असते.

लांब बोटांसारखे फिलोपोडिया निघतात त्यांचे तंत्र वेगळे. तिथे फॉर्मिन नावाची प्रथिने जलद टोकाला चिकटून राहून सरळ, बिनफांदीचे तंतू वाढवतात. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

तंतू आखूड का ठेवायचा

फांदी फुटली, जलद टोक मोकळे झाले, माल हाताशी आहे. मग तंतू लांबच लांब का जाऊ देत नाहीत? कारण कॅपिंग प्रथिन जलद टोकावर झाकणासारखे बसते आणि एकदा बसले की अर्धा तास हलत नाही. पेशीत ते साधारण एक मायक्रोमोलर असते, त्यामुळे बहुतेक टोकांना सेकंदाच्या आसपासच वाढायला मिळते.

हिशेब करून बघू. न्यूट्रोफिलचा वेग मिनिटाला १० मायक्रॉन, म्हणजे सेकंदाला सुमारे १६७ नॅनोमीटर. भागिले २.७ केले की सेकंदाला ६२ रेणू. जलद टोकाच्या दराने यासाठी ५ मायक्रोमोलरच्या थोडे वर बसण्याजोगे अ‍ॅक्टिन लागते. प्रोफिलिनचा साठा हे सहज पुरवतो. सेकंदभर वाढ मिळाली तर तंतू १५० ते २०० नॅनोमीटर लांब होतो.

हीच लांबी कामाची का, ते वाकण्याच्या गणितातून कळते. बारीक काडी उभी धरून वरून दाबली तर ती एका ठरावीक बलाला वाकते, आणि लांबी दुप्पट केली की ते बल चौथाईवर येते. अ‍ॅक्टिनच्या तंतूची ताठरता मोजलेली आहे. त्यावरून एक मायक्रॉन लांब तंतू साधारण ०.४ पिकोन्यूटनलाच वाकतो. २०० नॅनोमीटरचा तंतू सुमारे १० पिकोन्यूटन सहन करतो. पटल ढकलायला प्रत्येक तंतूला एक ते काही पिकोन्यूटन द्यावे लागतात. लांब तंतू तिथे नुसताच वाकेल, पटल जागेवर. आखूड तंतू, पण पुष्कळ आणि जुन्या तंतूंत घट्ट रोवलेले, हे पेशीचे उत्तर आहे. कॅपिंग प्रथिन कमी केले तर पेशी जास्त वेगाने धावेल असे वाटते. प्रत्यक्षात चपटी कडा बिघडते, तंतू लांबतात, जुड्या होऊन बोटे निघतात आणि चाल मंदावते. शिवाय झाकलेल्या टोकांवर खर्च न झालेला माल मोकळ्या टोकांना मिळतो, हाही फायदा जातो.

आता रेट्याचे मूळ. पटल आणि तंतूचे टोक यांत नवा रेणू शिरायला २.७ नॅनोमीटर फट लागते. फट कोण पाडते? कोणी नाही. पटल आणि तंतू दोन्ही उष्णतेने सतत थरथरत असतात. क्षणभर फट पडली आणि रेणू बसला, की पटलाला मागे यायला जागा उरत नाही. पेस्किन, ओडेल आणि ऑस्टर यांनी हे गणित १९९३ मध्ये मांडले. उष्णतेची ऊर्जा ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, भागिले २.७, म्हणजे १.५ पिकोन्यूटन; त्याला संहतीच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमने गुणायचे. माल क्रांतिक संहतीच्या, म्हणजे टोक वाढायला जेमतेम पुरणाऱ्या संहतीच्या, ५० ते १०० पट असेल तर एका तंतूची कमाल मर्यादा ६ ते ७ पिकोन्यूटन येते. वाकण्याच्या मर्यादेशी ताडून बघा, २०० नॅनोमीटरचा तंतू त्यात बसतो, मायक्रॉनभर लांब तंतू बसत नाही.

मोडणे हेही कामच

जाळे पुढे वाढत राहिले आणि मागे मोडले नाही, तर काही क्षणांत साठा संपेल. मोडण्यासाठी तंतूवर वय नोंदलेले असते. बसणारा रेणू एटीपी घेऊन येतो. बसल्यावर सुमारे दोन सेकंदांत त्या एटीपीचे विघटन होते, पण सुटलेले फॉस्फेट आत अडकून राहते आणि शुद्ध अ‍ॅक्टिनमध्ये ते बाहेर पडायला मिनिटे लागतात. फॉस्फेट गेले की उरतो एडीपीवाला (एक फॉस्फेट गमावलेल्या एटीपीचा) जुना रेणू. कोफिलिन नावाचे प्रथिन नेमके अशा जुन्या भागांवर बसते, तंतूचा पीळ बदलते आणि तो तोडते. फॉस्फेट बाहेर पडायची घाईही तेच करवते. म्हणून कडेपासून एक-दोन मायक्रॉन मागे जाळे विरळ होत जाते. सुटलेल्या रेणूंचे एडीपी बदलून एटीपी बसवायचे काम पुन्हा प्रोफिलिनकडे.

कोफिलिनचा एक उलटा उपयोगही आहे. तोडलेला प्रत्येक तुकडा नवे जलद टोक उघडतो आणि आर्प २/३ ला लागणारा ‘जुना तंतू’ही पुरवतो. म्हणून कोफिलिन थोडे असले की हालचाल वाढते, फार झाले की जाळे वितळते.

एवढे सगळे चालले तरी पेशी पुढे जाईलच असे नाही. जुलैच्या झडीत काळ्या मातीत रुतलेल्या ट्रॅक्टरची चाके गरगर फिरतात आणि गाडी तसूभर हलत नाही, तशी पेशीचीही गत होते. पटल मागे रेटत असते, मायोसिन मागून ओढत असते, त्यामुळे पकड नसेल तर सगळे जाळेच मागे घसरत राहते. जोडणी जोरात, प्रगती शून्य. पकड इंटिग्रिन नावाची पटलातली प्रथिने देतात. बाहेर ते कोलॅजन, फायब्रोनेक्टिन यांना धरतात आणि आत टॅलिन, विन्क्युलिन यांच्यामार्फत जाळ्याला. पकड बसली की जाळ्याचे घसरणे कमी होते आणि तीच वाढ पटलाच्या पुढे जाण्यात दिसते. पकड फार घट्ट झाली तर मागचा भाग सुटत नाही, म्हणून वेग मधल्या पकडीला सर्वांत जास्त मिळतो. दाट ऊतींच्या फटींतून जाताना काही पांढऱ्या पेशी इंटिग्रिनवाचूनही सरकतात. तिथे भिंतींत दाटून बसण्यानेच आधार मिळतो.

विदर्भात सिकलसेलची तपासणी करणाऱ्यांच्या हाताखालून रोज जाणाऱ्या लाल पेशीतही अ‍ॅक्टिन आहे, पण तिथे ते सरकत नाही. पटलाखालच्या स्पेक्ट्रिन या प्रथिनाच्या जाळीच्या गाठींत जेमतेम १२ ते १८ रेणूंचे तंतू असतात, दोन्ही टोके झाकलेली. एकच प्रथिन, फक्त टोकांचा बंदोबस्त वेगळा. सिकलसेलचा मूळ दोष हिमोग्लोबिनमध्ये असतो, अ‍ॅक्टिनमध्ये नाही. दोन गोष्टी मिसळू नका.

बिघडते तेव्हा

वास्प प्रथिनाचे नाव एका आजारावरून पडले, विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून आजार जवळपास मुलग्यांतच दिसतो: बिंबिका कमी आणि आकाराने लहान, अंगावर इसब, वारंवार जंतुसंसर्ग. १९९४ मध्ये जनुक सापडले. हे प्रथिन रक्ताच्या पेशींपुरतेच असते, त्यामुळे बाकी शरीर बरेचसे सुटते. पोराला सारखा कान फुटतो, अंगावर लाल ठिपके येतात आणि बिंबिका लहान आहेत, एवढे एकत्र दिसले तर बालरोगतज्ज्ञ हा आजार मनात धरतात.

जिवाणूंनी हीच यंत्रणा चोरली आहे. रक्ती आव करणारा शिगेला आतड्याच्या पेशीत शिरतो आणि आपल्या एका टोकावर पेशीचेच एन-वास्प जमवतो. लिस्टेरिया त्याहून धीट, त्याचे अ‍ॅक्टा प्रथिन स्वतःच वास्पचे काम करते. मागे अ‍ॅक्टिनची शेपूट वाढत जाते आणि जिवाणू पेशीतून पेशीत ढकलला जातो. या जिवाणूंमुळेच यंत्रणेची किमान सामग्री कळली. १९९९ मध्ये फ्रान्समध्ये मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने शुद्ध प्रथिनांच्या मिश्रणात जिवाणू चालवून दाखवले. लागले ते एवढेच: अ‍ॅक्टिन, आर्प २/३, कोफिलिन, कॅपिंग प्रथिन, चालू करणारे प्रथिन आणि एटीपी. प्रोफिलिन घातल्याने चाल सुधारली. मायोसिन नव्हतेच. झाकणारे आणि मोडणारे, दोन्ही अत्यावश्यक यादीत आले, हे बघा.

स्वतः मोजायचे असेल तर

एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना या सगळ्यातले फांद्यांचे काम एका साध्या चाचणीत दिसते. अ‍ॅक्टिनवर पायरीन हा चमकणारा रेणू जोडतात. तंतूत गेल्यावर त्याची चमक कैक पटींनी वाढते. ३६५ नॅनोमीटरला प्रकाश टाकायचा, ४०७ ला मोजायचा.

अ‍ॅक्टिन साठवायचे ते जी-बफरमध्ये: ट्रिस २ मिलिमोलर, पीएच ८, एटीपी ०.२, कॅल्शियम क्लोराइड ०.१, डीटीटी ०.५ मिलिमोलर. चाचणीआधी दोन मिनिटे थोडे मॅग्नेशियम आणि ईजीटीए घालून कॅल्शियम काढून टाकायचे, नाहीतर पहिली काही मिनिटे वक्र भलताच येतो. मग पोटॅशियम क्लोराइड ५०, मॅग्नेशियम १, ईजीटीए १, इमिडाझोल १० मिलिमोलर, पीएच ७, अशी शेवटची संहती येईल इतके दहापट बफर टाकायचे. अ‍ॅक्टिन ४ मायक्रोमोलर, त्यात पायरीनवाले ५ ते १० टक्के. नुसत्या अ‍ॅक्टिनचा वक्र आधी सपाट राहतो, मग चढतो, मग पुन्हा सपाट. आर्प २/३ काही दहा नॅनोमोलर आणि वास्पची शेपटी काहीशे नॅनोमोलर घातली, की पहिला सपाट भाग जवळपास नाहीसा होतो.

नागपुरात मार्च ते जून या चाचणीचा पहिला शत्रू तापमान. छापील दर २२ ते २५ अंशांचे असतात आणि ‘खोलीचे तापमान’ असे लिहिलेली कृती इथे मे महिन्यात शब्दशः पाळली तर आकडे जुळणार नाहीत. डेझर्ट कूलरने खोली २५ अंशांवर येत नाही. क्युव्हेटच्या जागेला फिरत्या पाण्याचा बाथ जोडा, बफर आधीच २५ अंशांवर आणून ठेवा. बर्फातून काढलेले बफर क्युव्हेटमध्ये तापले की बुडबुडे सुटतात आणि वक्रावर उगाच टोके येतात. बफरमधली हवा आधी काढून घेतली तर हे टळते. मिसळताना पिपेटने जोराने वर-खाली करू नका. तंतू तुटतात, टोके वाढतात आणि आर्प २/३ नसतानाही वेग वाढल्यासारखा दिसतो. प्रकाशाचे झडप सतत उघडे ठेवले तर पायरीन विझत जाते आणि शेवटचा सपाट भाग हळूहळू खाली उतरतो. तो तंतू मोडल्याचा पुरावा समजला जातो, आणि नसतो.

सगळ्यात आधी बघायची ती नुसत्या अ‍ॅक्टिनची नळी. तिच्याच वक्रात सुरुवातीचा सपाट भाग नसेल, तर बाकीच्या नळ्या मोजून उपयोग नाही. साठ्यात आधीपासून तुकडे आहेत: अ‍ॅक्टिन जुने झाले, गोठवून वितळवले, किंवा डीटीटी संपले. एक तास १,००,००० जी ला फिरवा, नळीचा वरचा भागच घ्या, तळाला हलवू नका, आणि जमले तर जेल-गाळणी करून मगच पुढच्या नळ्या भरा.